आखाजीला सासूबाई माझ्या माहेरी आल्या

आमची लेक आता दुसरीत आहे. मी सांगतेय तो उन्हाळा ती अडीच वर्षांची असतानाचा. नवऱ्याचं ऑफिस तेव्हा अजून घरूनच चालत होतं आणि मी शाळेत शिकवत असल्यामुळे मला सुट्टी लागली होती. पुण्याच्या फ्लॅटमध्ये बसून काय करायचं, म्हणून आम्ही दीड महिना फैजपूरला, सासरी राहायचं ठरवलं. इतके दिवस सलग तिथे राहण्याची ती माझी पहिलीच वेळ. लग्नाला पाच वर्षं झाली होती, पण तोवर मी तिथे गणपतीत चार दिवस, दिवाळीत आठ दिवस एवढीच असायची.

जळगाव स्टेशनवर उतरलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि फलाट आधीच तापला होता. आबा, म्हणजे माझे सासरे, घ्यायला आले होते. त्यांनी आम्हाला कसे आहात वगैरे काही विचारलं नाही. खिशातून ओला रुमाल काढला, नातीच्या डोक्याला गुंडाळला आणि तिला उचलून चालायला लागले. रुमाल नीट बसेना, कारण तिचे केस. जन्मल्यापासून कात्री लागली नव्हती. कपाळावर आलेली झुलपं मी रबर लावून डोक्यावर उभी बांधायची, त्याचं कारंजं झालेलं असायचं.

"यंदा हिचं जाऊळ काढून टाकू," गाडीत बसता बसता आबा म्हणाले. "तिसरं वर्ष चालू आहे. आता नाही काढलं तर पाचव्यावर जाईल."

अशी त्या उन्हाळ्याची सुरुवात झाली.

फैजपूरच्या घरात दुपारी बारा ते पाच कोणी बाहेर पडत नसे. कूलरसमोर सतरंजी टाकून सगळे आडवे. नवऱ्याला मात्र मीटिंगा असायच्या आणि इंटरनेट फक्त धान्याच्या कोठीत धड यायचं, म्हणून तो गव्हाच्या पोत्यांमध्ये टेबल टाकून, वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली लुंगी अशा वेषात बसायचा. सकाळी सहाला मात्र घर जागं. सासूबाईंचे पापड, कुरडया, बिबड्या सगळं गच्चीवर उन्हं चढायच्या आत व्हायचं. बिबड्या म्हणजे ज्वारीचे पापड. माझी लेक त्या ओल्या बिबड्यांवर पाय देऊन चालायची आणि सासूबाई म्हणायच्या, "चालू दे. लक्ष्मीची पावलं उमटली, इकायची थोडीच आहे मले."

आखाजीला चार दिवस राहिले आणि अक्का आल्या.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खान्देशात हा सण सासुरवाशिणींचा. लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, पुरणपोळी आणि आमरस होतो, घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरून पुजतात. अक्का म्हणजे आबांची मोठी बहीण. वय सत्तरीच्या पुढे, राहायला सावद्याला, हाकेच्या अंतरावर. पण आखाजीला त्या भरलेली पिशवी घेऊन, रीतसर माहेरवाशीण म्हणून येत. आल्या की दारापुढच्या ओट्यावर बसत आणि तिथून सगळ्या घराचा कारभार पाहत. मला त्यांची जरा भीतीच वाटायची.

जेवताना आबांनी जावळाचा विषय काढला. आखाजी झाली की दुसऱ्या आठवड्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आमच्या कुळाच्या देवीला जायचं, तिथेच केस उतरवायचे, तिथेच वरण-बट्टीचं जेवण. अक्कांनी मान डोलावली. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "समदं खरं. पण तुले तर भाऊ नाही. मंग पोरीले मांडीवर कोण घेईन?"

जाऊळ मामाच्या मांडीवर काढतात. आम्ही दोघी बहिणीच. लहानपणापासून हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, मोजदाद नाही. राखीला ऐकलं, भाऊबीजेला ऐकलं, माझ्या लग्नात नवऱ्याचा कान पिळायला कोण उभं राहणार तेव्हा ऐकलं. अक्का वाईट बोलल्या नव्हत्या. त्यांनी मीठ मागावं तशा आवाजात विचारलं होतं. तरी माझा घास तसाच हातात राहिला.

"माझा चुलत भाऊ आहे धुळ्याला," मी म्हणाले. "त्याला सांगते."

त्याला फोन केला. स्वभावाने चांगला मुलगा. "येतो ना ताई, तारीख कळव फक्त," म्हणाला. विषय मिटला. सासूबाई वाढत होत्या.

दुसऱ्या दिवशी मायचा, माझ्या आईचा फोन आला. माझं माहेर शिंदखेडा तालुक्यात, तापीच्या काठावरचं गाव. तिकडे अहिराणी बोलतात. फैजपूरकडची बोली वेगळी. माय आणि सासूबाई फोनवर बोलायच्या तेव्हा दोघी आपापल्या बोलीत बोलायच्या आणि प्रत्येक वाक्य दोनदा व्हायचं. मायने मला आखाजीला कधी येतेस ते विचारलं आणि म्हणाली, विहीणबाईंना दे.

मी फोन स्पीकरवर ठेवला, कारण सासूबाईंचे हात कुरडयांच्या चिकात होते.

"विहीणबाई, तुम्ही बी या ना आखाजीले," माय म्हणाली. "बठ्ठ्या पोरी माहेर येतस. तुम्हीच कितला दिन पाहुणचार करशात?"

सासूबाई हसल्या. "मी? मी कशी येऊ व माय? घरी अक्का आल्या. घागर भरायची, सैपाक."

"मंग तुमनं माहेर कोठे शे?"

सासूबाईंचं माहेर जामनेरकडचं. आईवडील जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता भाऊ सुरतेला, घराला कुलूप. त्या एवढंच म्हणाल्या, "आता तिकडे कोणी नाही."

"तेच तं सांगस मी," माय म्हणाली. "आठे या." म्हणजे इकडे या.

फोन बंद झाल्यावर सासूबाई पुन्हा सोऱ्या दाबायला लागल्या. पण ओट्यावरून अक्कांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता काहीतरी बोलणार. त्या उठल्या, आत आल्या आणि सासूबाईंच्या हातातला सोऱ्या काढून घेतला.

"जाय," त्या म्हणाल्या.

"अहो अक्का, घागर..."

"आमच्या मायबापाची घागर आम्ही भावंडं भरू. एवढी वर्षं तू मले रांधून घातलं. एक वर्ष मी रांधलं तर हात झिजतीन का माझे?"

आबांनी पेपरातून डोकं वर काढून "जा, जा" म्हटलं, आणि ठरलं.

आम्ही चौघं आखाजीच्या आदल्या दिवशी पहाटेच निघालो, ऊन चढायच्या आत पोचावं म्हणून. यावल, चोपडा, शिरपूर असा रस्ता, उजव्या हाताला सातपुडा. केळीच्या बागा हळूहळू मागे पडल्या. सासूबाई पुढच्या सीटवर होत्या. मांडीवर बिबड्यांचा डबा, अंगावर जरीकाठी साडी, आणि सबंध रस्ताभर त्या एकच विचारत होत्या, "मी येऊ ऱ्हायली हे बरं दिसीन ना?"

माय दारात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. आमच्याकडे लेक माहेरी आली की दारातच तुकडा ओवाळून टाकतात. तिने माझ्यावरून ओवाळला, नातीवरून ओवाळला. सासूबाई मागे पदर सावरत उभ्या होत्या. त्या उंबरा ओलांडायला निघाल्या तशी माय म्हणाली, "थांबा." दुसरा तुकडा घेतला आणि त्यांच्यावरूनही ओवाळला. पाण्याचं बोट डोळ्यांना लावलं.

सासूबाईंनी डबा तेवढा मायच्या हातात दिला. मी वळून नवऱ्याकडे पाहिलं तर तो गाडीची डिकी उघडून त्यात उगाच काहीतरी शोधत होता.

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, एसटीत ड्रायव्हर होते, तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. धाकटी बहीण पंचवीसची, शिरपूरला कॉम्प्युटर शिकवायची आणि रोज स्कूटीवर जाऊन-येऊन करायची. आखाजीच्या दिवशी सकाळी घरासमोरच्या निंबावर झोका बांधायचा होता. गल्लीत प्रत्येक घरासमोर कुणाचा ना कुणाचा भाऊ झाडावर चढलेला होता. आमच्या निंबावर माझी बहीण चढली. ओढणी कमरेला गच्च बांधलेली, खांद्यावर दोर. नाना खाली शिडी धरून उभे, आणि डेपोत गाडी मागे घेताना सांगावं तसं वर बघून सांगत होते, "येऊ दे, येऊ दे... डावीकडे... बस्स!"

तिने दोन गाठी मारल्या, फांदीवरूनच दोराला लोंबकळून बघितलं आणि सरसर खाली आली. तळहात सोलवटले होते. सासूबाई ओट्यावरून बघत होत्या.

"दरसालले हीच बांधते का?" त्यांनी मला विचारलं.

"बारा वर्षांची असल्यापासून," मी म्हणाले.

आम्ही झुललो, शेजारच्या पोरी झुलल्या, माझी लेक तर उतरायलाच तयार नव्हती. मग बहिणीने सासूबाईंचा हात धरला. "मावशी, चला."

"नको व. पडीन मी. वय काय माझं."

"मी धरते ना."

त्या बसल्या. आधी पाय जमिनीला टेकवूनच. बहिणीने हळूहळू ढकललं. चौथ्या-पाचव्या झोक्याला त्यांनी पाय उचलले, डोक्यावरचा पदर खांद्यावर आला आणि त्या गायला लागल्या. आखाजीचं गाणं, पण आमच्या गावात कुणालाच माहीत नसलेलं, त्यांच्या बोलीतलं, न्यायला ये म्हणून भावाला बोलावणारं. पाच वर्षांत मी त्यांना गुणगुणतानाही ऐकलं नव्हतं. आवाज बारीक होता, मध्येच चिरकत होता. गल्लीतल्या बायका एकेक करून जमल्या. माय म्हणाली, "पुढे म्हणा," पण पुढच्या ओळी त्यांना आठवेनात. त्या तेवढंच कडवं पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या आणि झोका मागे-पुढे जात राहिला.

दुपारी आमरस-पोळीचं जेवण झाल्यावर मी आणि सासूबाई मधल्या घरात, ओल्या फरशीवर पडलो होतो. लेक शेजारी झोपली होती. सासूबाई छताकडे बघत म्हणाल्या, "लग्नाच्या वर्षी गेली होती मी आखाजीले. भावानं बांधला होता झोका. त्याच्या पुढच्या वर्षी तुझ्या नवऱ्याचा जन्म. मंग अक्का यायला लागल्या. मंग माझी माय गेली." त्या कुशीवर वळल्या. मला वाटलं, झोपल्या. "तुझी बहीण गाठ चांगली मारते," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी नाना आम्हाला नदीवर घेऊन गेले. आमच्याकडे बॅरेजमुळे उन्हाळ्यातही तापीला पाणी असतं. सासूबाईंनी चपला काढल्या, घोटाभर पाण्यात उभ्या राहिल्या आणि नानांना म्हणाल्या, "ही आमच्याकडूनच आली ना?"

"हां," नाना म्हणाले. "तुम्हनी पाठाडेल शे."

म्हणजे तुम्हीच पाठवलेली. सासूबाईंना इतकं हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

तीन दिवस राहून आम्ही परतलो. अक्कांनी आबांना तीन दिवस जळकी पोळी खाऊ घातली होती, असं आबा म्हणाले. आबांनी एक भांडं घासलं नाही, असं अक्का म्हणाल्या. त्या संध्याकाळी जावळाची यादी करायला सगळे बसले. बट्टीचं पीठ किती, गाडी कुणाची, नाभिककाकांना निरोप कोण देणार. आबांनी विचारलं, "मामाला कळवलं का?"

मी फोन हातात घेतला. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "मावशीच्या मांडीवर काढू."



"कोणाच्या?" अक्का म्हणाल्या.

"मावशीच्या. तिची सख्खी मावशी आहे."

"रीत मामाची आहे. मावशी कशी बसीन?"

"अक्का, केस झेलायले आत्या लागते. माझ्या लेकाले सख्खी बहीण नाही, पोरीले आत्या नाही. तरी तुम्ही बसणारच ना पदर पसरून? तुम्ही तर बापाची आत्या. ते चालते?"

आबा चष्मा पुसायला लागले. मी जमिनीकडे बघत होते, कारण डोळे भरून आले होते आणि ते कुणाला दिसू नयेत असं वाटत होतं.

"आणि झोका बी भावानंच बांधायचा अस्तो," सासूबाई आता थांबत नव्हत्या. "तठी हिच्या बहिणीनं बांधला. मी बसली त्याच्यावर. पडली का?"

अक्का उठून आत गेल्या. पाणी पिण्याचा आवाज आला. परत येऊन ओट्यावर बसल्या आणि कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "तिले सांगा, सुती कपडे घालून ये म्हणा. केस टोचतात."

चुलत भावाला मी फोन केला. मला वाटलं, त्याला राग येईल. तो म्हणाला, "बरं झालं ताई, त्या दिवशी आमच्याकडे एक लग्न आहे, तुला नाही कसं म्हणू तेच कळत नव्हतं."

जावळाच्या दिवशी आम्ही पंधरा जण एका क्रूझरमध्ये बसून निघालो. माय, नाना आणि बहीण आदल्या दिवशीच आले होते. डोंगराजवळचा रस्ता खराब होता. गाडीचा चालक नवखा, त्याने ती दोनदा बंद पाडली. तिसऱ्यांदा बंद पडल्यावर नाना शांतपणे खाली उतरले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सरक भाऊ," आणि उरलेला रस्ता गाडी त्यांनीच चालवली. आबा शेजारी बसून मोठ्या कौतुकाने त्यांचे हातपाय बघत होते.

देवळाच्या आवारात मोठी झाडं होती. पुरुषांनी गोवऱ्या पेटवल्या, बायकांनी बट्ट्या वळायला घेतल्या. नाभिककाकांनी सतरंजी टाकली, वाटीत पाणी घेतलं आणि नेहमीच्या सवयीने हाक मारली, "चला, मामा या."

बहीण जाऊन बसली.

काकांनी वर पाहिलं. "मामा?"

"मीच," ती म्हणाली.

काकांनी आबांकडे पाहिलं. आबा गोवऱ्यांना वारा घालण्यात गुंतले होते, किंवा तसं दाखवत होते. उत्तर दिलं ते अक्कांनी. "बघता काय, वस्तरा बदला. नवं पातं लावा." आणि त्या बहिणीच्या गुडघ्याला गुडघा लावून, पदर पसरून बसल्या.

लेकीने वस्तरा पाहिला आणि किंकाळी फोडली. तशी किंकाळी मी तिच्या तोंडून आधी ऐकली नव्हती. मी पुढे झाले, तर सासूबाईंनी माझा दंड धरून ठेवला. बहिणीने तिचं डोकं दोन्ही हातांत घट्ट धरलं. मग नाना समोर येऊन उकिडवे बसले आणि एसटीचा आवाज काढायला लागले. इंजिन, गिअर, ब्रेक, दार आपटणं, कंडक्टरची घंटी. "शिरपूर, शिरपूर, चोपडा!" पोरगी हुंदके देत देत बघायला लागली. नाना चोपड्याला पोचले तोवर अर्धं डोकं झालं होतं. यावल आलं तेव्हा पूर्ण झालं.

पहिली बट कापली गेली तेव्हा ती अक्कांच्या पदरात पडली. शेवटची वाऱ्याने उडाली आणि बहिणीने हवेत झेलून अक्कांच्या पदरात टाकली. अक्का तिला म्हणाल्या, "हाताले चांगली आहेस." त्यांच्याकडून एवढं पुष्कळ होतं.

मामाचा मान म्हणून आबांनी टॉवेल-टोपी आणून ठेवली होती. बेत बदलल्यावर साडी आणायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही. आता काय करायचं म्हणून सासूबाई पिशवी चाचपत असताना बहिणीने टोपी घेतली, डोक्यावर ठेवली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि सगळ्यांच्या पाया पडायला निघाली. आधी माय हसली. मग आबा. अक्का हसायला लागल्या तेव्हा त्यांना थांबताच येईना. पदरात केस, त्यामुळे डोळेही पुसता येईनात. गुळगुळीत डोक्याची माझी लेक त्या सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होती आणि स्वतःचंच डोकं चाचपत होती.

तसा उन्हाळा मग पुन्हा आला नाही. नवऱ्याचं ऑफिस सुरू झालं. बहिणीचं लग्न होऊन ती हैदराबादला गेली. दोन वर्षांनी आबा गेले, आणि त्यांच्या दहाव्याला नाना तापीवर माझ्या नवऱ्याच्या शेजारी शेवटपर्यंत उन्हात उभे होते. सासूबाई त्यानंतर आणखी दोन आखाजींना माझ्या माहेरी गेल्या. आता गुडघे दुखतात, लांबचा प्रवास होत नाही.

तरी कधी भाजी निवडता निवडता मला ती दुपार आठवते. जेवणं झाली होती. बट्ट्या जास्त खाल्ल्यामुळे सगळे झाडांखाली आडवे झाले होते. डोंगराकडून गरम वारा येत होता. माय आणि सासूबाई एकाच सतरंजीवर, एकाच उशीवर डोकं ठेवून, लोणच्याच्या कैऱ्या कुठून घ्याव्यात यावर आपापल्या बोलीत बोलत होत्या. एक म्हणत होती, ह्या आठवड्यात घ्या. दुसरी म्हणत होती, अजून कोय धरू द्या. बोलता बोलता दोघींचेही आवाज मंदावले. मी लेकीच्या डोक्याला खोबरेल लावत बसले होते, आणि मला कुठेही जायचं नव्हतं.